उपकारकर्त्याचा सिद्धांत आणि सहा इंची नकाशा : आर्चिबाल्ड गीकी यांच्या एका निर्णयाचा अभ्यास

13 नोव्हेंबर 1884 रोजी ‘नेचर’ या साप्ताहिकात स्कॉटलंडच्या उच्चभूमीतील (हायलँड्समधील) खडकांविषयी एक लेख प्रसिद्ध झाला. लेखक होते आर्चिबाल्ड गीकी, ब्रिटनच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे महासंचालक. ज्या सिद्धांतावर त्यांच्या खात्याचा उच्चभूमीचा सगळा नकाशा उभा होता, जो त्यांना नोकरी, प्राध्यापकपद आणि नावलौकिक मिळवून देणाऱ्या माणसाचा होता, आणि ज्याच्या मांडणीवर तरुणपणी त्यांची स्वतःचीही सही होती, तो सिद्धांत चुकीचा आहे हे त्यांनी या लेखात जाहीर केले. लेखासोबत त्यांच्याच खात्यातील दोन सर्वेक्षकांचा अहवाल जोडलेला होता. विज्ञानाच्या इतिहासात चुका दुरुस्त होतच असतात, पण चूक करणारी संस्था स्वतःच्या खर्चाने, स्वतःच्या माणसांकडून आणि स्वतःच्या प्रमुखाच्या सहीने ती दुरुस्त करते असे क्वचितच घडते. हा निर्णय कसा घेतला गेला, तो घ्यायला इतकी वर्षे का लागली आणि त्यात कोणाचे देणे राहून गेले, हे पाहण्यासाठी हे प्रकरण मांडत आहे.

पार्श्वभूमी

गीकी यांचा जन्म 1835 मध्ये एडिंबरा येथे झाला. वकिलाच्या कचेरीत काही काळ उमेदवारी केल्यावर त्यांचे मन खडकांकडे वळले आणि 1855 मध्ये, वयाची वीस वर्षेही पूर्ण झालेली नसताना, ते भूवैज्ञानिक सर्वेक्षणात रुजू झाले. त्याच वर्षी सर रॉडरिक मर्चिसन हे या खात्याचे महासंचालक झाले. मर्चिसन हे त्या काळच्या ब्रिटिश भूशास्त्रातील सर्वांत वजनदार नाव होते. वेल्सच्या सीमेवरील खडकांचा अभ्यास करून त्यांनी ‘सिल्युरियन’ हा कालखंड प्रस्थापित केला होता, आणि जगाच्या नकाशावर जिथे जिथे शक्य होईल तिथे तिथे आपल्या या कालखंडाचा रंग पसरावा ही त्यांची आकांक्षा त्यांनी कधी लपवली नव्हती. त्यांचा स्वतःचा जन्मही स्कॉटलंडच्या उच्चभूमीतला. तिथल्या खडकांत सिल्युरियन सापडणे ही त्यांच्यासाठी केवळ शास्त्रीय गोष्ट नव्हती.

उच्चभूमीच्या वायव्य किनाऱ्यावर, डर्नेस आणि एरिबोलपासून दक्षिणेकडे अ‍ॅसिंट, लॉख मरी आणि पुढे स्काय बेटापर्यंत, खडकांची एक विलक्षण मांडणी दिसते. सर्वांत खाली करडा, पट्टेदार, अतिप्राचीन नाइस खडक आहे. त्यावर तांबूस वालुकाश्माचे आडवे, जाड थर येतात, आणि त्यांतून कोरलेले एकाकी डोंगर त्या प्रदेशाची ओळख आहेत. त्यावर पांढरा क्वॉर्टझाइट (वालुकाश्म घट्ट होऊन बनलेला कठीण खडक), त्यात जागोजागी प्राचीन कृमींनी केलेल्या उभ्या नळ्यांचे ठसे. मग पिवळसर मातकट थरांचा पातळ पट्टा, आणि त्यावर चुनखडक. इथपर्यंत सारे समजण्यासारखे आहे. अडचण त्यापुढे सुरू होते. या चुनखडकाच्याही वर, पूर्वेकडे कललेले, पुन्हा रूपांतरित खडक दिसतात : चकचकीत पापुद्र्यांचे शिस्ट आणि नाइस. म्हणजे उष्णता आणि दाबाने पूर्ण बदलून गेलेला खडक वर, आणि ज्यातले शंखशिंपले अजून ओळखू येतात असा जवळजवळ न बदललेला चुनखडक खाली.

सह्याद्रीच्या घाटात वाढलेल्या माणसाला या कोड्याचे मर्म चटकन कळावे. आपल्याकडे बेसाल्टचे थर पायऱ्यांसारखे एकावर एक बसलेले आहेत. खालचा लाव्हा आधीचा, वरचा नंतरचा, आणि बहुतेक ठिकाणी हा साधा नियम दगा देत नाही. मर्चिसन यांनी उच्चभूमीत नेमका हाच नियम लावला.

प्रश्न कसा उभा राहिला

1854 मध्ये चार्ल्स पीच या किनारा-पहाऱ्यावरील सरकारी नोकराला, जो फावल्या वेळात निसर्गाचा अभ्यास करी, डर्नेसच्या चुनखडकात जीवाश्म सापडले. ते त्या काळच्या परिभाषेत ‘अधोसिल्युरियन’, म्हणजे सिल्युरियनच्या खालच्या, आधीच्या भागातले ठरले. पुढच्याच वर्षी मर्चिसन आणि जेम्स निकोल हे दोघे मिळून तो प्रदेश पाहायला गेले. निकोल हे अ‍ॅबर्डीन येथे प्राध्यापक होते आणि खनिजांचे जाणकार म्हणून त्यांचा लौकिक होता. दोघांनी तेच कडे पाहिले, आणि काही वर्षांतच दोघांचे निष्कर्ष एकमेकांच्या विरुद्ध टोकांना गेले.

मर्चिसन यांचे म्हणणे सरळ होते. चुनखडकावर शिस्ट बसलेले दिसते, तेव्हा ते चुनखडकापेक्षा नवे. आणि चुनखडक अधोसिल्युरियन असल्यामुळे पूर्वेकडच्या शेकडो चौरस मैलांवर पसरलेले सगळे शिस्टही सिल्युरियनच, फक्त नंतर रूपांतरित झालेले. या एका वाक्यात जवळजवळ संपूर्ण उच्चभूमी त्यांच्या कालखंडात जमा होत होती. निकोल यांनी हे मान्य केले नाही. 1861 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात त्यांनी असे दाखवले की, ज्या रेषेवर चुनखडक आणि शिस्ट भेटतात तिथे एकातून दुसऱ्यात हळूहळू होणारे संक्रमण दिसत नाही. उलट, तिथे खडक मोडलेले, चिरडलेले आहेत, आणि ही रेषा ठिकठिकाणी वेगवेगळ्या थरांना टेकते. म्हणून तो थरांचा क्रम नसून मोठा विभंग (खडक तुटून सरकल्याची भेग) आहे आणि पूर्वेकडचे खडक हे जुनेच खडक वर आलेले आहेत.

निकोल यांचे उत्तर पूर्ण नव्हते, हे सांगणे न्यायाचे आहे. संपर्करेषेवरच्या काही खडकांना त्यांनी खालून घुसलेले अग्निज खडक मानले, तेही चूक ठरले. जुना खडक नव्याच्या डोक्यावर मैलोगणती आडवा सरकून जाऊ शकतो ही कल्पना त्यांच्याकडे नव्हती. ती तेव्हा फारशी कोणाकडेच नव्हती. पण मुख्य मुद्दा त्यांनी बरोबर ओळखला होता : जे दिसते ते एकावर एक साचलेल्या थरांचे पान नाही.

1860 च्या उन्हाळ्यात गीकी या कथेत येतात. मर्चिसन यांनी आपल्या या तरुण सर्वेक्षकाला उच्चभूमीच्या दौऱ्यावर सोबत नेले. तेव्हा मर्चिसन अडुसष्ट वर्षांचे होते आणि गीकी चोवीस वर्षांचे. 1861 मध्ये दोघांच्या नावाने निबंध आणि स्कॉटलंडचा नवा भूवैज्ञानिक नकाशाही प्रसिद्ध झाला, आणि त्यात मर्चिसन यांचा क्रम अंगीकारला होता. या प्रकरणातला पहिला निर्णयबिंदू हाच आहे असे मला वाटते, जरी त्या वेळी कोणाला तो निर्णय वाटला नसेल. घाईने केलेल्या दौऱ्यावर, तपशीलवार स्थळनकाशे उपलब्ध नसताना, वरिष्ठाने आधीच ठरवलेल्या निष्कर्षाखाली गीकी यांनी आपले नाव घातले. चोवीस वर्षांच्या माणसाकडून यापेक्षा वेगळे काही अपेक्षिणे कठीण आहे. पण त्या सहीचे वजन पुढची तेवीस वर्षे त्यांच्याबरोबर राहिले.

त्या सहीनंतरचा त्यांचा प्रवास मर्चिसन यांच्या छायेत वर वर जात राहिला. 1867 मध्ये सर्वेक्षणाची स्कॉटिश शाखा वेगळी झाली तेव्हा ते तिचे संचालक झाले. 1871 मध्ये मर्चिसन यांनी स्वतःच्या पैशाने एडिंबरा विद्यापीठात भूशास्त्राचे अध्यासन स्थापन करवले आणि पहिले प्राध्यापक गीकी असावेत अशी इच्छा व्यक्त केली; तसेच झाले. त्याच वर्षी मर्चिसन वारले. 1875 मध्ये गीकी यांनी त्यांचे दोन खंडांतले चरित्र लिहिले, 1876 मध्ये स्कॉटलंडचा आपला नकाशा काढला, आणि उच्चभूमी त्यातही मर्चिसन यांच्या रंगांत होती. निकोल यांनी 1866 मध्ये एका पुस्तकात आपले मत पुन्हा मांडले, पण ऐकणारे थोडे होते. 1879 मध्ये ते वारले, तेव्हाही अधिकृत मत त्यांच्या विरोधातच होते.

विरोध पुन्हा डोके वर काढतो

1878 पासून सर्वेक्षणाबाहेरची माणसे पुन्हा वायव्येकडे जाऊ लागली. हेन्री हिक्स यांनी लॉख मरीचा क्रम प्रश्नांकित केला. चार्ल्स कॅलवे यांनी डर्नेस, एरिबोल आणि अ‍ॅसिंट पायाखाली घालून 1883 मध्ये असा निबंध प्रसिद्ध केला की पूर्वेकडचा नाइस जुना असून नव्या थरांवर रेटला गेला आहे. त्याला लंडनचे प्राध्यापक बॉनी यांनी सूक्ष्मदर्शकाखालच्या निरीक्षणांची जोड दिली. पण खऱ्या अर्थाने पारडे फिरवले ते चार्ल्स लॅपवर्थ यांनी.

लॅपवर्थ यांच्याबद्दल थोडे विस्ताराने सांगायला हवे, कारण गीकी यांच्या मनावर त्यांचा जो दबाव पडला तो केवळ एका निबंधाचा नव्हता. दक्षिण स्कॉटलंडमधील गॅलाशील्स या गावी ते शाळामास्तर होते. तिथल्या डोंगरांत काळ्या शेलचे (चिखल घट्ट होऊन बनलेल्या पापुद्री खडकाचे) पट्टे पुन्हा पुन्हा दिसत, आणि सर्वेक्षणाच्या नकाशात ते एकावर एक रचलेले वेगवेगळे थर मानून त्या सगळ्या खडकांची जाडी प्रचंड धरलेली होती. लॅपवर्थ यांनी त्या शेलमधील ग्रॅप्टोलाइट या इवल्याशा समुद्री प्राण्यांचे जीवाश्म इंच इंच वेगळे केले, आणि 1878 मध्ये दाखवून दिले की तो एकच पातळ थरसमूह घड्या पडून पुन्हा पुन्हा वर आलेला आहे. 1879 मध्ये त्यांनी ऑर्डोव्हिशियन हा नवा कालखंड सुचवला आणि सिल्युरियन व त्याच्या आधीचा कँब्रियन या कालखंडांच्या सीमेचा जुना वाद मिटवण्याचा मार्ग दाखवला. 1881 मध्ये ते बर्मिंगहॅमला प्राध्यापक झाले. म्हणजे गीकी यांच्या स्कॉटिश शाखेचे एक मोठे काम या माणसाने आधीच एकदा चुकीचे ठरवले होते, आणि तेही बाहेरून, शाळेच्या सुट्ट्यांत हिंडून.

1882 आणि 1883 च्या उन्हाळ्यात लॅपवर्थ यांनी तीच पद्धत डर्नेस–एरिबोल भागात वापरली. क्वॉर्टझाइट आणि त्यावरच्या मातकट थरांचे त्यांनी लहान लहान, ओळखता येण्याजोगे पट्टे पाडले आणि प्रत्येक पट्टा सहा इंचाला एक मैल या प्रमाणाच्या नकाशावर चालत चालत उतरवला. मग दिसले ते असे : वर वर जाणारा क्रम वाटत होता, तो तोच तोच क्रम होता, तुकडे होऊन एकमेकांवर चढलेला. आल्प्स पर्वतात अल्बर्ट हाइम यांनी ज्या महाकाय घड्या दाखवल्या होत्या त्यांच्याशी लॅपवर्थ यांनी याची सांगड घातली. 1883 मध्ये त्यांचा निबंध ‘जिऑलॉजिकल मॅगझिन’मध्ये हप्त्याहप्त्याने येऊ लागला. त्याच वर्षी त्यांची प्रकृती कोसळली आणि काम अर्धवट राहिले. आजारपणात अंथरुणावर पडल्या पडल्या खडकांची ती प्रचंड चादर आपल्या अंगावरून सरकते आहे असे त्यांना वाटत असे, अशी आठवण भूशास्त्रज्ञांत आजही सांगितली जाते.

गीकी यांच्यासमोरचे पर्याय

1882 मध्ये गीकी संपूर्ण सर्वेक्षणाचे महासंचालक झाले होते. त्यांचे पाठ्यपुस्तकही याच वर्षी निघाले आणि त्यातही जुनाच क्रम होता. त्यांच्यासमोर कोणते मार्ग खुले होते?

पहिला मार्ग काहीच न करण्याचा. सर्वेक्षणाचे नकाशे दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत होते. वायव्य कोपरा रीतसर यायला अजून बरीच वर्षे लागली असती, आणि तोपर्यंत वाद बाहेरच्या मंडळींत चालू द्यायला कोणाचीच हरकत नव्हती. कार्यालयीन दृष्टीने हाच सर्वांत सोपा आणि समर्थनीय मार्ग होता. दुसरा, स्वतः जाऊन पुन्हा एक दौरा करून निकाल देण्याचा. पण दौऱ्याने दिलेले निकालच तर या वादाचे मूळ होते. मर्चिसन दौऱ्यावर गेले, दरवेळी नवा साक्षीदार सोबत नेला, आणि त्याला तेच तेच निवडक छेद (थर उघडे पडलेली ठिकाणे) दाखवून त्याची संमती घेतली. तिसरा मार्ग, लॅपवर्थ आणि कॅलवे यांचे निष्कर्ष तपासणीशिवाय स्वीकारण्याचा. सरकारी नकाशा काढणारे खाते असे करू शकत नव्हते, कारण त्या नकाशावर दुसऱ्याच्या क्षेत्रकार्याची जबाबदारी घेणे त्यांच्या पद्धतीत बसत नव्हते.

चौथा मार्ग उरला : आपल्याकडची सर्वांत तयार माणसे तिथे पाठवून, वायव्य कोपरा आपल्या क्रमाच्या आधी उचलून, इंचाइंचाने नकाशावर आणणे. गीकी यांनी हा मार्ग धरला. हा मार्ग खर्चिक होता आणि त्यात उत्तर आपल्या विरुद्ध येण्याचा धोका होता. तो त्यांनी पत्करला, ही त्यांच्या बाजूने पहिली नोंद.

काय केले गेले

1883 मध्ये बेन पीच आणि जॉन हॉर्न यांना डर्नेस–एरिबोल भागात पाठवण्यात आले. पीच हे 1854 मध्ये डर्नेसचे जीवाश्म शोधणाऱ्या चार्ल्स पीच यांचे चिरंजीव. ते रचना एका नजरेत ओळखणारे आणि चित्रकाराचा हात असलेले, तर हॉर्न शांत, काटेकोर आणि लेखनात पक्के. या दोघांची जोडी ब्रिटिश भूशास्त्रात पुढे दाखला म्हणून सांगितली गेली, आणि त्यांना निवडणे हा गीकी यांचा बहुधा सर्वांत चांगला प्रशासकीय निर्णय होता.

दोन गोष्टी इथे बारकाईने पाहण्यासारख्या आहेत. पहिली, कामाचा क्रम. आधी डर्नेसचे खोरे घ्यावे, कारण तिथे मोडतोड कमी असल्यामुळे थरांचा खरा क्रम निर्विवाद ठरवता येईल. आणि ती ओळख पक्की झाल्यावरच एरिबोलच्या गुंतागुंतीत शिरावे. ज्याला मूळ पान कसे होते हे माहीत नाही, त्याला फाटलेले तुकडे कुठे जुळतात हे कळत नाही. मर्चिसन यांच्या पद्धतीत नेमकी हीच पायरी गाळली गेली होती. दुसरी, सूचना. आधी छापल्या गेलेल्या कोणत्याही मताकडे मनाचा कल राहू नये आणि जे दिसेल तेच नकाशावर यावे, असे गीकी यांनी आपल्या सर्वेक्षकांना सांगितले होते. स्वतःच्या प्रमुखाच्या नावाने छापलेला सिद्धांत तपासायला निघालेल्या कनिष्ठांना हे स्पष्ट शब्दांत मिळणे फार महत्त्वाचे होते. सरकारी खात्यात वरिष्ठांच्या मताविरुद्ध नोंद करण्याची भीती त्या काळीही कमी नव्हती.

एरिबोलमध्ये पीच आणि हॉर्न यांना तेच दिसले जे लॅपवर्थ यांना दिसले होते, आणि त्याहून अधिक. क्वॉर्टझाइटमधील कृमिनळ्यांच्या आकारावरून त्यांनी पातळ उपथर वेगळे केले, आणि एकच उपथर छोट्या छोट्या विभंगांनी तुकडे होऊन कौलांसारखा एकावर एक चढलेला आढळला. या छोट्या तुकड्यांच्या वर मोठे, जवळजवळ आडवे विभंग होते, आणि त्यांच्यावरून जुना नाइस आणि पूर्वेकडचे शिस्ट पश्चिमेकडे सरकत आलेले होते. सरकण्याचे अंतर मैलांत मोजण्याजोगे होते. अहवालात ते किमान दहा मैल दिले गेले. सरकण्याच्या पातळीजवळचे खडक चिरडून, दळून, ताणून नवे पापुद्रे घेऊन तयार झाले होते, आणि मर्चिसन यांनी ज्याला थरांची साचण्याची पातळी समजले होते ती बऱ्याच ठिकाणी याच चिरडण्यातून आलेली होती.

1884 च्या शरद ऋतूत गीकी स्वतः तिथे गेले. हा प्रसंग मला या प्रकरणाचा खरा केंद्रबिंदू वाटतो. अहवाल कार्यालयात बसूनही स्वीकारता आला असता किंवा परत पाठवता आला असता. त्यांनी त्याऐवजी आपल्या दोन सर्वेक्षकांबरोबर जमिनीवर उभे राहून प्रत्येक तपशिलाला आव्हान दिले. आपल्या दिवंगत प्रमुखाचे स्पष्टीकरण टिकावे अशी आपली मनापासून इच्छा होती, असे त्यांनी नंतर स्वतः लिहिले. पण पुरावा पूर्णपणे त्याच्या विरुद्ध होता. थोड्याच काळात ‘नेचर’मधला लेख आला. आडव्या सरकविभंगांसाठी ‘थ्रस्ट-प्लेन’ हा शब्दप्रयोग त्यातून रूढ झाला.

परिणाम

खात्यासाठी याचा परिणाम फार चांगला झाला. पीच आणि हॉर्न यांच्याबरोबर गन, क्लफ, हिंक्समन आणि कॅडेल यांनी संपूर्ण पट्टा नकाशावर आणायला सुरुवात केली आणि 1888 मध्ये त्यांचा सविस्तर निबंध प्रसिद्ध झाला. कॅडेल यांनी त्याच सुमारास वाळू, माती आणि प्लास्टरचे थर एका पेटीत भरून ते बाजूने दाबले, आणि डोंगरात दिसलेली तीच कौलांची रचना पेटीत उमटवून दाखवली. पर्वतनिर्मितीच्या प्रायोगिक अभ्यासाचा तो आरंभीचा टप्पा मानला जातो. सूक्ष्मदर्शकाच्या कामासाठी गीकी यांनी 1888 मध्ये जेथ्रो टील यांना खात्यात आणले. 1891 मध्ये मातकट थरांत ओलेनेलस हा ट्रायलोबाइट (नामशेष झालेला कवचधारी समुद्री प्राणी) सापडला आणि ते थर पूर्व-कँब्रियन नव्हे की सिल्युरियन नव्हे, तर कँब्रियन कालखंडाच्या पायथ्याचे ठरले. 1907 मध्ये, गीकी यांच्या संपादनाखाली, या सर्व कामाचा मोठा ग्रंथ निघाला, आणि आजही त्या भागात काम करणारे लोक तो उघडतात.

आजच्या समजुतीप्रमाणे ही मुख्य सरकपातळी, म्हणजे मॉइन थ्रस्ट, एरिबोलपासून स्कायच्या स्लीट भागापर्यंत सुमारे 190 किलोमीटर जाते, आणि ही हालचाल साधारण 43 कोटी वर्षांपूर्वी, दोन खंड एकमेकांना भिडत असताना झाली. मर्चिसन आणि निकोल या दोघांच्याही उत्तरापेक्षा वस्तुस्थिती अधिक गुंतागुंतीची निघाली : पूर्वेकडचे शिस्ट चुनखडकापेक्षा कितीतरी जुने आहेत, पण ते पायथ्याचा तो अतिप्राचीन नाइसही नाहीत, ते स्वतंत्र गाळाचे थर आहेत.

गीकी यांच्या कारकिर्दीला धक्का बसला नाही. 1891 मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला, 1901 पर्यंत ते महासंचालक राहिले, आणि 1908 ते 1913 या काळात ते रॉयल सोसायटीचे अध्यक्ष होते. चूक मान्य केल्याने पत जाते ही भीती निदान या बाबतीत खोटी ठरली.

वेगळे काय करता आले असते

इथे माझे मत स्पष्टपणे मांडतो. निर्णय योग्य होता, त्याची अंमलबजावणी नमुनेदार होती, पण तो उशिरा झाला आणि श्रेय देण्यात कंजुषी झाली.

उशिराचे कारण केवळ कृतज्ञता होते असे मला वाटत नाही. 1861 नंतर निकोल यांच्या आक्षेपांत तपासण्याजोगे मुद्दे होते : संपर्करेषेवर संक्रमण दिसते की नाही, ती रेषा एकाच थराला चिकटून राहते की वेगवेगळ्या थरांना छेदते. हे दोन प्रश्न एका छोट्या भागाच्या काटेकोर नकाशाने सुटले असते. सहा इंची स्थळनकाशे त्या प्रदेशासाठी नंतर आले हे खरे, पण 1867 पासून स्कॉटिश शाखा गीकी यांच्या हातात होती आणि 1878 मध्ये दक्षिणेकडील खडकांबाबत लॅपवर्थ यांनी जो धडा दिला तो तर अगदी याच प्रकारच्या चुकीचा होता. पुन्हा पुन्हा येणारा थर वेगळा मानण्याची चूक एका ठिकाणी उघडी पडल्यावर दुसऱ्या ठिकाणी तीच शंका घेणे अशक्य नव्हते. 1878 मध्येच पीच आणि हॉर्न यांना वायव्येला पाठवले असते, तर निदान निकोल यांच्या हयातीत ही चौकशी सुरू झाल्याचे जगाला दिसले असते.

श्रेयाचा मुद्दा अधिक बोचरा आहे. 1884 च्या लेखाचा भर सर्वेक्षणाच्या कामावर होता. लॅपवर्थ, कॅलवे आणि त्यांच्या आधी निकोल यांना, त्यांनी एकट्याने आणि कोणत्याही खात्याच्या पाठबळाशिवाय जे केले त्याच्या मानाने, तिथे पुरेशी जागा नव्हती. समकालीनांना हे खुपले. 1885 मध्ये ब्रिटिश असोसिएशनचे अधिवेशन अ‍ॅबर्डीनला, म्हणजे निकोल यांच्याच शहरात भरले, तेव्हा भूशास्त्र विभागाचे अध्यक्ष जॉन जड यांनी आपल्या भाषणात निकोल यांच्या कामाचा जाहीर गौरव केला. तो गौरव खात्याच्या प्रमुखाच्या लेखणीतून आदल्याच वर्षी आला असता तर गीकी यांचा लेख कमी प्रभावी ठरला नसता. उलट, जे निष्कर्ष स्वतंत्रपणे दोनदा मिळाले आहेत ते अधिक पक्के असतात, आणि सर्वेक्षणाचे निष्कर्ष लॅपवर्थ यांच्या निष्कर्षांशी जुळतात ही गोष्ट लेखाचे बळच ठरली असती.

लॅपवर्थ यांना खात्याशी औपचारिकपणे जोडून घेता आले असते का, हाही विचार करण्याजोगा प्रश्न आहे. त्यांचे नकाशे आजारपणामुळे अर्धवट राहिले होते, आणि तीच जमीन सर्वेक्षकांना पुन्हा पायाखाली घालावी लागली. पुन्हा घालण्याचे फायदे होते, कारण निष्कर्ष स्वतंत्र राहिले. पण 1884 नंतर, निष्कर्ष जुळल्यावर, त्यांना पुढच्या निबंधांत सहलेखक म्हणून बोलावण्यात काही अडचण दिसत नाही. त्यांनी 1885 मध्ये चिरडलेल्या खडकांसाठी सुचवलेली ‘मायलोनाइट’ ही संज्ञा सर्वेक्षणाने वापरली आणि ती आज जगभर वापरात आहे. त्यांना पुढे 1891 मध्ये रॉयल मेडल आणि 1899 मध्ये वोलॅस्टन पदक मिळाले, त्यामुळे त्यांचा मान राहून गेला असे म्हणता येणार नाही. राहून गेले ते सर्वेक्षणाच्या कामात त्यांचे स्थान.

1907 च्या ग्रंथात पूर्वीच्या संशोधनाच्या इतिहासावर स्वतंत्र प्रकरण आहे आणि त्यात निकोल, लॅपवर्थ, कॅलवे यांचे काम क्रमाने आणि न्यायाने मांडलेले आहे. तो ग्रंथ निघाला तेव्हा निकोल यांना जाऊन अठ्ठावीस वर्षे झाली होती.